छातीइतकं पाणी

३ फेब्रुवारी

— अजून चार बोटं डावीकडे! माझं डावं नाही, तुमचं! — आणि घासलंच शेवटी. टोपलीभर गिलावा खाली आला. गच्चीवरून येणारा पाण्याचा पाइप मधोमध वाकला.

खोदाईचं मशीन एक मीटर रुंद. घर आणि कुंपणाची भिंत यांच्यामधला बोळ एक मीटर आठ सेंटिमीटर. धाकटे दीर म्हणाले होते, "वहिनी, मिनी आहे ती. साखळ्या आत ओढता येतात. हसत हसत जाईल." हसलं कोणीच नाही. मी पुढे उलटी चालत हात हलवत होते आणि भावजी वर बसून मला सोडून सगळीकडे बघत होते. त्या आवाजात माझं ओरडणं मलाच ऐकू येत नव्हतं.

तो, माझा नवरा, मागच्या दारात खुर्चीवर होता. त्याने डावी मूठ वर केली. मशीन जागच्या जागी थांबलं. मग दोन बोटं जराशी वाकवली. मशीन वीतभर मागे आलं, तिरकं झालं, सरळ झालं, परसात शिरलं.

दहा मिनिटं मी घसा फोडत होते, त्याला किंमत शून्य!

सव्वीस वर्षं दोघा भावांनी हीच मशीनं चालवली. एक वर बसणार, एक खाली उभा राहणार. त्यांची बोटांची भाषा आहे. मला ती येत नाही.


४ फेब्रुवारी

हौदाची आखणी झाली. पाच मीटर लांब, अडीच रुंद. घराकडची बाजू उथळ, भिंतीकडची खोल. खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, चुना टाकला.

इथे एकदा नीट लिहून ठेवते, म्हणजे चिडले की वाचता येईल. सप्टेंबरच्या नऊ तारखेला त्याला झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं. फिजिओबाई म्हणाल्या, "छातीइतकं पाणी मिळालं तर पायावरचं वजन निम्म्याहून कमी होतं. पाण्यात चालवता येईल. पण पहिले सहा महिने महत्त्वाचे. नंतर जे येतं ते फार हळू येतं." व्यायामाचा हौद असलेलं इस्पितळ दीड तासावर. गाडीत दीड तास बसला की उतरताना त्याचा पाय लाकूड होतो.

म्हणजे नऊ मार्च. आज चार फेब्रुवारी. त्यातून खोदाई, सळया, काँक्रीट, पाणी. जमणार नाही हे मला कळतं. पण एप्रिल तरी गाठू.

नकाशा मीच काढला, प्रुफाच्या पाठकोऱ्या कागदावर. त्याला दाखवला. त्याने बराच वेळ पाहिला. मग कागद उलटा केला आणि मागचा छापील मजकूर पाहत बसला. मला हसू आलं. तो काही म्हणायला लागला. ओठ जुळवत होता. मी म्हटलं, "हो, उथळ बाजू आपल्याच दारात ठेवली आहे. दोन पावलांत पाणी." त्याने कागद खाली ठेवला.


५ फेब्रुवारी

भावजी आले नाहीत.


६ फेब्रुवारी

आले. अकराला. तेलाचा पाइप फुटलाय म्हणाले, नवा आणायला गेले, आलेच नाहीत. मशीन चुन्याच्या रेघेवर मान खाली घालून उभं.

घरचं काम! बाहेरच्या माणसाला चार शब्द सुनावता येतात. इथे सुनावायला गेलं की "वहिनी, तुम्ही पण ना" — आणि विषय संपला.


८ फेब्रुवारी

आज खरं खणलं. सकाळी आठ ते एक.

मान्य करते — बघत राहावंसं वाटतं. बकेट मातीला आधी नुसती टेकते, जणू अंदाज घेते. मग दात रुततात. वर येते, वळते, ओतते, रिकामी परत येते. भावजींची फक्त मनगटं हलतात. तो खुर्चीत बसून बघत होता आणि त्याचं डावं मनगट मांडीवर हलत होतं. उजवं हलत नव्हतं.

वर हातभर काळी माती, खाली मुरूम. ढीग हौदाच्या लांब बाजूला कडेनेच घातला, कारण बोळातून ट्रक येणार नाही. नंतर ढकलगाडीने न्यावा लागेल. ढीग खड्ड्याच्या दीडपट दिसतो. मी विचारलं, "एवढी कुठून आली?" भावजी म्हणाले, "सुटली की फुगते, वहिनी. माणसासारखी."

भिंतीपलीकडून निवृत्त मास्तर स्टुलावर चढून डोकावले.

"विहीर का?"

"नाही."

"तळघर?"

"पोहायचा हौद."

"अरे वा! पोहणार कोण?"

"आम्ही."

"तुम्ही दोघंही!" असं म्हणून त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मग स्टूल हललं बहुतेक. अचानक दिसेनासे झाले.


११ फेब्रुवारी

पलंगापासून मागच्या दारापर्यंत अकरा पावलं. काठीने. गेल्या महिन्यातही अकराच होती, आणि वेळही तेवढाच लागतो. फिजिओबाईंनी टिपण केलं. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. दाखवत नाहीत तेव्हा मला कळतं.

जाताना खड्डा बघितला. "लवकर करा," म्हणाल्या.

कोणाला सांगताय!


१२ फेब्रुवारी

फोनवर —

"भावजी, आज?"

"आज दुसऱ्या साइटवर अडकलोय."

"काल काय होतं?"

"काल डिझेल नव्हतं."

"परवा?"

"वहिनी, परवाचं आता कशाला काढताय?"


१५ फेब्रुवारी

बोलणं शिकवणाऱ्या बाई आज मला रागावल्या. त्याला नाही, मला. "तुम्ही त्यांचं वाक्य पूर्ण करू नका. मनात दहापर्यंत मोजा. शब्द आत असतो, त्याला दारापर्यंत यायला वेळ लागतो."

मी तीनपर्यंत पोचते. तीसएक वर्षं दुसऱ्यांची वाक्यं सुधारून पोट भरलं. गळालेलं अक्षर दिसलं की पेन्सिल आपोआप जाते.

जेवताना त्याने टेबलाकडे बोट केलं. मीठ? नको. पाणी? नको. चमचा? वर्तमानपत्र? पंखा लावू? त्याने ताट ढकललं. वरण माझ्या प्रुफांवर सांडलं. एकशे बारा ते एकशे वीस पानं गेली.

काय हवं होतं ते कळलं नाही. आता कळणारही नाही.


१७ फेब्रुवारी

दोन तास काम. खोल बाजू कमरेइतकी झाली. मग मी आतून बाहेर आले तर मशीन नुसतं घरघरतंय आणि दोघे भाऊ खड्ड्याच्या आरपार बोटांनी बोलताहेत. त्याने पालथा हात आडवा फिरवला. एकदा. पुन्हा एकदा. भावजींनी मान हलवली, माझ्याकडे पाहिलं आणि मशीन बंद केलं.

"काय म्हणतोय?"

"काही नाही वहिनी. जुनं आहे आमचं."

"मग काम का थांबलं?"

"मशीन तापलंय."

मी जाऊन हात लावून पाहिला. साधं कोमट! मी म्हटलं, "भावजी, माझा चहा याहून गरम असतो." ते हसले. तो हसला नाही. बोळातून भावजी गेले ते मागे न बघता.


२० फेब्रुवारी

तीन दिवस नाहीत. आज मी फोनवर नको ते बोलले. म्हटलं, त्याने तुम्हाला मशीनवर बसवलं, धंद्यात अर्धा वाटा दिला, आणि त्याच्या पायासाठी तुम्हाला चार दिवस निघत नाहीत?

भावजींनी ऐकून घेतलं. मग, "येतो उद्या."

बोलायला नको होतं. पण खोटं काय आहे त्यात?


२२ फेब्रुवारी

जुना पाइप फुटला. बागेच्या नळाचा, नकाशात नसलेला. बकेट वर आली ती पाइपाचा तुकडा दातांत धरून, आणि खाली पाणी उसळलं. मी नळाची मुख्य चावी शोधेपर्यंत खड्ड्यात गुडघाभर लाल पाणी.

परत आले तर तो खुर्चीत पांढराफटक. डाव्या हाताने खुर्चीचा दांडा असा धरलेला की नखं पांढरी. कपाळावर घाम. मी घाबरले. रक्तदाब मोजला. वरचा एकशे अठ्ठावीस. जीभ बाहेर काढायला लावली, हात वर करायला लावले, सगळं पूर्वीसारखंच. खुर्ची आत ओढली तेव्हा कुठे श्वास खाली बसला.

"एवढं काय मनाला लावून घेतोस? उपसू पाणी. भरपाई दोन दिवसांत होईल," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, समजूत पटली.


२४ फेब्रुवारी

चिखल. घरभर चिखल. स्वयंपाकघरात साखळीच्या नक्षीची ढेकळं. पंप लावून पाणी उपसलं, ते मास्तरांच्या अंगणात गेलं. मास्तर बोलत नाहीत. ही एक सोय झाली.


२६ फेब्रुवारी

भावजींना आज धरलंच. ते मशीनवर चढत होते, मी साखळीवर पाय ठेवून उभी राहिले. म्हटलं, "खरं कारण सांगा, नाहीतर दुसरा माणूस बघते."

ते खाली उतरले. दाराकडे पाहिलं. तो आत झोपला होता.

"दादानेच थांबवलंय."

"काय?"

"आखणी झाली त्या दिवसापासून. मी आलो की सांगतो, बंद कर. तुम्ही समोर आलात की मी चालू करतो. माझी काय अवस्था होते सांगू? दोघांच्या मध्ये मी!"

"त्याला हौद नको आहे? का?"

मग त्यांनी सांगितलं. लहानपणी गावाबाहेर दगडाची खाण होती, सोडून दिलेली, पाण्याने भरलेली. हा अकरा वर्षांचा, भावजी सात. काठावर खेळताना हा घसरला. "वर आला, खाली गेला. परत वर आला, खाली गेला. मी उभाच राहिलो, वहिनी. ओरडायचंही सुचलं नाही." एका रखवालदाराने केसांना धरून ओढून काढलं. घरी कोणाला सांगितलं नाही. दोघांनी शपथ घेतली. "लोकांसाठी शंभर हौद खणले असतील आम्ही. पाणी भरायच्या दिवशी दादा कधी साइटवर थांबला नाही."

एकतीस वर्षं झाली लग्नाला. समुद्रावर गेलो की तो गाडीपाशी थांबायचा. कोणी विचारलं तर मीच सांगायचे, "त्याला वाळू आवडत नाही." त्याने असं कधी म्हटलं होतं का, आठवत नाही. बहुतेक मीच म्हटलं.


त्याच दिवशी, संध्याकाळी

विचार केला. भीती आहे, मान्य. पण पाय? भीती घेऊन माणूस चालू शकतो. पायाशिवाय नाही. चार फूट पाणी, कमरेला पट्टा, दोन्ही बाजूंना माणसं. मी स्वतः उतरेन.

भावजींना फोन केला — रविवारपर्यंत खोदाई संपवा.

ते म्हणाले, "एकदा त्याला विचारा तरी."

"विचारलं होतं."

फोन ठेवल्यावर आठवून पाहिलं. नकाशा दाखवला होता.


२८ फेब्रुवारी

विचारायला गेले. त्याच्या समोर बसले. पण तोंडातून निघालं ते असं — "तुझ्यासाठीच चाललंय ना रे हे सगळं?"

तो माझ्याकडे पाहत राहिला. मी मोजू लागले. चारला त्याचे ओठ हलले. पाचला मी उठले. म्हटलं, "बरं, उद्या बोलू. दूध उतू जाईल."

दूध गॅसवर नव्हतंच.


१ मार्च

भावजी सातला हजर. दिवसभर खणलं. एक शब्द नाही, चहा नको, जेवण नको. खुर्चीकडे एकदाही पाहिलं नाही. त्याने तीनदा मूठ वर केली. मशीन थांबलं नाही.

चौथ्यांदा त्याने केली नाही.

मी जिंकले. असं लिहिलं आणि वही मिटली.


२ मार्च

खोदाई पूर्ण. पाणसळ लावून तळ सपाट केला. मी टेप घेऊन शिडीने खोल बाजूला उतरले. एक मीटर चाळीस. जमिनीची कड नेमकी माझ्या हनुवटीला. खाली थंड होतं. बाहेरचा आवाज येत नव्हता. भिंतीत कापलेली मुळं दिसत होती, पांढरी, ओली.

वर पाहिलं तर तो दारात उभा. काठीवर. मला शोधत असावा. खालून तो फार उंच दिसला.

"ये ना, बघ!" मी ओरडले. "किती छान झालंय!"

तो आत गेला.


३ मार्च

परवा गवंडी येणार. सळया उद्या. मशीन परवापर्यंत इथेच, कडा साफ करायला.


४ मार्च

सळया आल्या. बोळात ठेवल्यात, जाता येताना परकर अडकतो.

दुपारी त्याला पुन्हा नकाशा दाखवला. नीट समजावला — इथे पायऱ्या, इथे धरायला दांडा, इथे मी. त्याने कागद घेतला. एक कोपरा दातांत धरला आणि डाव्या हाताने फाडला. पुन्हा दातांत धरला. पुन्हा फाडला. एका हाताने कागदाचे आठ तुकडे करायला किती वेळ लागतो! मी तेवढा वेळ समोर उभी होते.

मग माझा तोल गेला. म्हटलं, सहा महिने मी झोपलेले नाही. म्हटलं, तुझ्या भावाच्या पाया पडायचं बाकी ठेवलंय. म्हटलं, "नको ना? मग बस जन्मभर त्या खुर्चीत!"

तो खुर्चीतच बसला होता.

तुकडे वेचले. जुळवायला घेतले होते, मग टाकून दिले. त्याने रात्री जेवायला नकार दिला. मीही जेवले नाही. दोघांनी एकमेकांना न जेवून काय मिळवलं?


५ मार्च

सकाळी सव्वासहाला मशीनच्या आवाजाने जाग आली. वाटलं, भावजी लवकर आले. शेजारी पलंग रिकामा. काठी उशाशी, भिंतीला टेकून.

मागचं दार सताड उघडं. ढिगाऱ्याच्या सुट्या मातीत पायाचे ठसे — डावा खोल, उजवा लांबट, ओढलेला. मध्ये एके ठिकाणी दोन्ही गुडघ्यांचे आणि एका तळव्याचे. पुढे पुन्हा पायांचे. साखळीवर चिखलाने माखलेला एक बूट.

तो वर बसला होता. उजवा हात मांडीत. डावा दोन्ही दांड्यांवर एकदम, मग आडवा जाऊन पलीकडच्या दांड्यावर, मग परत. बकेट त्याने दुमडून ठेवली होती. समोरच्या पात्याने ढिगारा खड्ड्यात लोटत होता. कडेपासून हातभर अलीकडे थांबायचा, मागे यायचा, पुन्हा लोटायचा. एकदाही कड ढासळली नाही.

मी ओरडले नाही. मूठ वर केली नाही. पायरीवर बसले.

साडेसातला उथळ बाजू जमिनीबरोबर आली. मशीन वळलं तेव्हा त्याने मला पाहिलं. थांबला नाही.

आठला भावजी आले. बोळाच्या तोंडाशीच उभे राहिले, मागे गवंडी.  मग भावजी माझ्याजवळ आले. डोळे पुसत होते. "वहिनी, मी काय करू?"

मी म्हटलं, "फावडं घ्या. कोपऱ्यात पातं पोचत नाही."